चाकांवरचा बैल

माणूस म्हातारा झाला हे केसांवरून ओळखण्याचे दिवस आता गेले. केसांना रंग लावता येतो, दात बसवून घेता येतात. खरी खूण वेगळीच आहे. ज्याच्या वाक्याच्या आरंभी 'आमच्या वेळी' हे दोन शब्द येऊ लागले, तो म्हातारा झाला असे खुशाल समजावे. आमच्या वेळी आंबे गोड होते, आमच्या वेळी मास्तर कडक होते, आमच्या वेळी थंडीसुद्धा थंडीसारखी पडत असे! आणि या यादीत सर्वांत शेवटी, पण सर्वांत आवेशाने येते ती गोष्ट म्हणजे खेळणी. 'आमच्या वेळी खेळणी नव्हती हो, पण आम्ही खेळत होतो!' हे वाक्य संध्याकाळच्या फिरण्यात माझ्या कानांवर आठवड्यातून दोनदा तरी पडते. बाकावर बसलेली सगळी मंडळी माना डोलावतात. मान डोलावायला काही लागत नाही. वाक्य खरे आहे की नाही हे पाहायचे म्हणजे मात्र थोडे कष्ट पडतात. ते कष्ट यंदा दिवाळीच्या निमित्ताने घ्यावेत असे मी ठरवले.

या तपासणीला मला जागाही मोठी नामी मिळाली आहे. माझे बालपण गेले नागपूरच्या महालात, आणि म्हातारपण चालले आहे मिहानमध्ये. मिहान हे नाव ऐकून बाहेरगावच्या वाचकाला एखाद्या देवाचे किंवा पुराणातल्या राजाचे स्मरण व्हायचे. तसे काही नाही. 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर' या आगगाडीएवढ्या लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून हा शब्द तयार झाला आहे. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्याच्या अंगाने, विमानतळाला लागून सुमारे चार हजार हेक्टरांवर हा पसारा आहे. संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या येथे आहेत, २०२२ च्या डिसेंबरात लोकार्पण झालेले एम्सचे रुग्णालय आहे, फाल्कन विमानांचे भाग तयार करणारा कारखाना आहे. २०१९ च्या मार्चपासून मेट्रो खापरीपर्यंत येऊ लागली आहे. माझा मुलगा येथे नोकरीला, म्हणून आम्हीही येथे. आमच्या बारा मजली इमारतीच्या सज्जात उभे राहिले की विमाने इतकी खाली उतरताना दिसतात, की खिडक्या मोजाव्यात!

घरात मुले दोन. नात नऊ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. एका दुपारी मी त्यांची खेळणी मोजायला बसलो आणि एकशे चाळीसवर पोचल्यावर कंटाळून थांबलो. त्यांत दुरून चालवायच्या मोटारी होत्या. डोळे मिचकावणारा यंत्रमानव होता. पोट दाबले की चार इंग्रजी वाक्ये बोलणारी बाहुली होती. ही वाक्ये ती गेली दोन वर्षे त्याच क्रमाने बोलते आहे, आणि तिच्या उच्चारांवरून तिचे माहेर अमेरिकेत असावे असा माझा तर्क आहे. लोहचुंबकाने एकमेकांना चिकटणारे रंगीत चौकोन होते. डॉक्टरची पेटी होती. भातुकली होती, पण तिच्यात चूल, पाटा-वरवंटा नव्हता. मायक्रोवेव्ह होता, आणि तो 'टिंग' असा आवाजही करीत होता. आणि डायनासोर! त्यांचा तर कळपच. नातवाला सात जातींची नावे पाठ आहेत, आणि ती तो रामरक्षेच्या सफाईने म्हणतो. यात तक्रारीसारखे काही नाही. आमच्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडे सापडलेली आहेत. तेव्हा ते प्राणी तसे शेजारचेच! परंतु त्याच नातवाला चित्रात बैल दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "काऊ." मी म्हटले, "गाय नव्हे रे, बैल." तेव्हा त्याने मोठ्या समजूतदारपणे विचारले, "बॉय काऊ?"

आता आमच्या वेळचा हिशेब. मी १९५६ सालचा. महालातल्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडे नऊ आणि पोरे सव्वीस. खेळणी कोणती? भवरा होता, आणि त्याची आर दगडावर घासून टोकदार करण्यात सुट्टीचे निम्मे दिवस जात. कंचे होते; पुण्याकडचे लोक त्यांना गोट्या म्हणतात. विटीदांडू होता. सायकलचा जुना टायर आणि एक काडी मिळाली की आम्ही मोटारमालक होत असू. संक्रांतीला पतंग. मुलींच्या वाट्याला सागरगोटे आणि चिंध्यांची बाहुली. या बाहुलीचे नाक-डोळे काजळाने काढलेले असत आणि ते दर आठवड्याला पुसट होत. मग ते पुन्हा काढायचे. त्यामुळे आमच्या बहिणीची बाहुली एका आठवड्यात हसरी, तर पुढच्या आठवड्यात रुसलेली असायची.

विकतचे खेळणे वाड्यात एकच होते. मामाने मुंबईहून आणलेली किल्लीची मोटार. पत्र्याची, लालभडक. ती कपाटात असे. दिवाळीचे चार दिवस ती बाहेर निघे, वडील स्वतः किल्ली देत, आणि आम्ही भिंतीला पाठ लावून ती पाहत असू. हात लावायचा नाही! चार दिवसांनंतर ती पुन्हा कपाटात. 'आमच्या वेळी आम्ही खेळत होतो' असे म्हणणाऱ्यांनी असल्या कपाटांचाही हिशेब द्यायला हवा. पोराला वस्तू देऊन ती वापरू न देणे ही कला आमच्या वडीलधाऱ्यांना फार चांगली अवगत होती. मी एकदा ती मोटार आतून कशी चालते हे पाहण्यासाठी उघडली आणि त्याचा प्रसाद पाठीवर घेतला. आता आमच्या मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगने उभारलेली विमानदुरुस्तीची प्रचंड शेड आहे. तेथे मोठमोठी माणसे दिवसभर विमाने उघडून, आतले भाग काढून, पुसून, पुन्हा बसवतात आणि महिन्याला पगार घेतात. ते पाहिले की पाठीवरच्या त्या जुन्या जागी थोडे हुळहुळते.

आणखीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची खेळणी काही गोगलगाय नव्हती. पत्र्याच्या कडांनी बोटे कापत, भवऱ्याच्या आरीने शेजाऱ्याचे कपाळ फुटे, आणि लाकडावरच्या त्या सुंदर लाल-पिवळ्या रंगात काय घातलेले असे हे विचारण्याची पद्धतच नव्हती. आम्ही तो रंग चाटून मोठे झालो. आज भारतात खेळणे विकायचे तर त्याला भारतीय मानक संस्थेची खूण लागते. १ जानेवारी २०२१ पासून हा नियम सक्तीचा झाला आहे. कडा टोकदार नाहीत ना, बारीक तुकडा सुटून मुलाच्या घशात जाणार नाही ना, रंगात शिसे नाही ना, हे तपासले जाते. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट ठेवली आहे, म्हणजे हाताने लाकूड कोरणाऱ्याचे पोट मारले गेलेले नाही. ही नव्या काळाची बाजू झाली, आणि ती भक्कम आहे. उलट बाजूला मांजा पाहा. आम्ही काच कुटून, सरसात कालवून सुती दोऱ्याला लावत असू. त्याने बोटे कापत. आजच्या नायलॉनच्या मांजाने गळे कापतात. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांत आली की नागपुरात आया पोरांच्या गळ्याला मफलर गुंडाळून त्यांना बाहेर पाठवतात. तेव्हा जुने ते सोने किंवा नवे ते सोने, असा एका दमात निकाल देता येत नाही.

खरे म्हणजे हे भांडण आमच्या पिढीने सुरू केलेले नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन रडत बसतो. कशासाठी? त्याला मातीची गाडी दिलेली असते, आणि शेजारच्या श्रीमंताच्या पोराची गाडी असते सोन्याची! शेजारच्या मुलाचे खेळणे हा आईबापांचा शत्रू किती पुरातन आहे, हे पाहून मोठा दिलासा वाटतो. वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि मुलाचे रडे थांबवते. पुढे तेच दागिने चारुदत्ताच्या गळ्याशी येतात. देवलांनी हे नाटक मराठीत आणल्यापासून आपल्या रसिकांनी त्याची पदे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. परंतु मुलाचे रडे थांबवण्यासाठी त्याच्या गाडीत सोने ओतू नये, हा त्यातला व्यवहारी उपदेश मात्र आपण फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

त्याहूनही मागे जायचे तर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला जावे लागेल. १९७४ साली तेथे जमीन खणताना एका शेतकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. बैलांच्या रथाला चाके, रेड्याच्या आणि गेंड्याच्या पायांखालीही चाके! चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक, म्हणजे ही काही पोराच्या हातातली खेळणी नव्हेत. बहुधा मिरवणुकीत ओढून नेत असावेत. त्यांच्या काळाविषयी पंडितांत वाद आहेत, पण ती काही हजार वर्षांपूर्वीची आहेत यात शंका नाही. जनावराला चाके लावून त्याला दोरीने ओढत न्यावे, ही हौस महाराष्ट्राच्या मातीत इतकी खोल आहे. हे चाकांवरचे बैल वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

मग लाकडाचे चांगले आणि प्लॅस्टिकचे वाईट, असे तरी म्हणावे काय? तेही जमत नाही. आमच्या नातीचे सर्वांत लाडके खेळणे म्हणजे लेगोच्या विटा. ही कंपनी काढली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराने. ओले किर्क क्रिस्टियनसेन त्याचे नाव. मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामे मिळेनात, तेव्हा १९३२ साली तो लाकडाची खेळणी करू लागला. चाकांवर चालणारे लाकडी बदक हे त्याचे नावाजलेले खेळणे. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचा हक्क त्या कंपनीने नोंदवला १९५८ साली, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेत अजूनही बसते. म्हणजे आजोबाच्या विटांवर नातवाला मजला चढवता येतो! हे खेळणे प्लॅस्टिकचे आहे, परदेशी आहे, महागही आहे. पण नात त्यातून एके दिवशी विमानतळ करते, दुसऱ्या दिवशी तो मोडून इस्पितळ करते. पोट दाबल्यावर बोलणाऱ्या त्या बाहुलीला ती आता विचारतही नाही.

आणि एकही पैसा न लागणारी खेळणी पाहायची तर अरविंद गुप्ता यांची पाहावीत. कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेला हा अभियंता पुण्याला टेल्कोत नोकरीला होता. मोटारींच्या कारखान्यातून तो वळला तो आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांच्याकडे. या केरातून त्यांनी शेकडो खेळणी केली आणि त्यांतून मुलांना विज्ञान शिकवले. पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोडून पाहणे हाच खेळण्याचा सर्वांत चांगला उपयोग, असे त्यांचे म्हणणे. माझ्या वडिलांची आणि त्यांची गाठ पडायला हवी होती!

तेव्हा पहिली कसोटी माझ्यापुरती ठरली. खेळणे कशाचे आहे हे पाहू नये. ते मुलासाठी किती काम शिल्लक ठेवते हे पाहावे. काजळाचे डोळे पुसणारी बाहुली मुलीकडून काम मागते, लेगोची वीट मागते, काडी आणि व्हॉल्व्हची नळी मागते. चार वाक्ये बोलून थांबणारी बाहुली सगळे काम स्वतःच करते, म्हणून मुलगी तिच्याजवळ बसून राहते आणि मग उठून जाते.

पण ही कसोटी अपुरी आहे, हे मला यंदाच्या तान्ह्या पोळ्याने शिकवले.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. त्या दिवशी बैलांना काम नाही. त्यांना धुवायचे, शिंगे रंगवायची, मठाट्या बांधायच्या, झूल घालायची, तोरणाखाली उभे करायचे, झडत्या म्हणायच्या, पुरणपोळी खाऊ घालायची. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा, तो तान्हा पोळा. त्या दिवशीचे बैल लाकडाचे. त्यांना नंदी म्हणतात. चार पायांखाली फळी, फळीला चार चाके, आणि नाकातून ओवलेली दोरी. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगतात. भोसल्यांच्या वाड्यात आठ फूट उंचीचा लाकडी बैलही आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या अजस्र नंद्यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते, बडगे निघतात, साऱ्या गावाची पीडा वेशीबाहेर नेऊन जाळतात. आणि संध्याकाळी पोरे आपापले नंदी घेऊन निघतात.

कुठे निघतात? हाच सारा मुद्दा आहे. नंदी हे घरात खेळायचे खेळणेच नव्हे. त्याला किल्ली नाही, तो बोलत नाही, डोळे मिचकावत नाही. घरात ठेवला तर तो नुसता उभा राहतो. त्याला दारोदार न्यायचे. प्रत्येक दाराशी घरची बाई बाहेर येते, नंदीला हळदकुंकू लावते, ओवाळते, आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ, नाहीतर चार पैसे. आमच्या वेळी (आले का ते शब्द!) महालातल्या गल्लीत आम्ही पोरे चाळीस-पन्नास दारे हिंडत असू. कोणाकडे पेपरमिंटची गोळी, कोणाकडे चिवडा, कोणाकडे भोकाचा पैसा. कोणाच्या घरी आजी आजारी आहे, कोणाकडे नवे बाळ आले आहे, कोण कंजूष आणि कोण दिलदार, याची साऱ्या मोहल्ल्याची खानेसुमारी त्या एका संध्याकाळी पोरांच्या तोंडपाठ होई. आमचा नंदी माझ्या आजोबांच्या वेळचा. चाके तीनदा बदललेली, एक शिंग डिंकाने चिकटवलेले. दर वर्षी नवा रंग. एकच उणीव होती, आणि ती त्या वेळी कोणाला जाणवत नसे: आमच्या घरात दोरी मुलाच्याच हाती असे. बहीण दारात उभी राहून पाहायची.

तो नंदी यंदा माळ्यावरून उतरला. नातवाने प्रथम त्याला उलटा करून बॅटरीची जागा शोधली. ती न सापडल्यावर त्याने तो बाजूला ठेवला. नातीने मात्र रंगाची पेटी आणली आणि तीन संध्याकाळी खपून शिंगे जांभळी केली. जांभळी शिंगे मी जन्मात पाहिली नव्हती. पण दोरी तिच्या हाती होती, तेव्हा रंगही तिचाच.

आमच्या इमारतीत तान्हा पोळा पाच वाजता, तळमजल्याच्या वाहनतळावर, असा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला. नंदी जमले एकतीस. काही महालातल्या चितारओळीतून आणलेले, काही खोक्यातून पोस्टाने घरपोच आलेले. मुले बंगाली, तमिळ, ओडिया, वऱ्हाडी, सगळी. सजावटीला बक्षीस होते, धोतर-फेट्याला बक्षीस होते. शेवटी व्यवस्थापक मंडळींनी प्रत्येक मुलाच्या हातात एकसारखी पिशवी दिली. आत बिस्किटे, चॉकलेट, रंगीत खडू. बोजारा झाला! मंडळींचा हेतू चांगला होता. एकशे वीस बिऱ्हाडांची इमारत. पोरे कुणाच्याही दारावरची घंटा वाजवत हिंडणार, लिफ्टमध्ये अडकणार, कोणाच्या झोपेत व्यत्यय येणार. त्यापेक्षा एकाच जागी वाटप बरे.

नातीने पिशवी घेतली, नंदीकडे पाहिले आणि विचारले, "मग आता बैल घेऊन जायचं कुठं?"

या प्रश्नाला व्यवस्थापक मंडळींजवळ उत्तर नव्हते. उत्तर दिले फाटकावरच्या रखवालदाराने. साठी ओलांडलेले गृहस्थ. मी त्यांना रोज नमस्कार करतो, पण त्यांचे गाव कोणते हे त्या दिवशी समजले. मिहानच्या आधी येथे काय होते? शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी अशा गावांची शेते होती. कापूस होता, तूर होती. जमिनी प्रकल्पात गेल्या. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. हे गृहस्थ त्यांपैकीच एका गावचे. रस्त्यापलीकडे जिथे आज काचेची इमारत उभी आहे, तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तिथं माही पऱ्हाटी राहे." पऱ्हाटी म्हणजे कपाशी.

माझा नातू तोवर आपल्या बहिणीचा नंदी मागून ढकलत होता. रखवालदार खाली वाकले. "मांगून नाई ढकलत बैलाले, बाबू. समोर हो. कासरा हाती धर अन् चाल. तो येते तुह्या मांगं." त्यांनी दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली, नाकाला काच बसणार नाही अशी. लाकडाच्या नाकाला!

"तुमच्याकडे खरा बैल होता?" नातवाने विचारले.

"दोन होते. पाखऱ्या अन् मोऱ्या."

"ते आता कुठं आहेत?"

"इकले, बाबू. बैल का लिफ्टात नेता येते?"

त्यावर नातवाने लिफ्टकडे पाहिले, हातातल्या दोरीकडे पाहिले, आणि म्हणाला, "हा येतो."

मग काय! पाच-पाच मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीबरोबर एक मोठे माणूस, आणि ज्या दारावर रांगोळीचा ठिपका असेल तेथेच घंटा वाजवायची, असा तोडगा व्यवस्थापक मंडळींनीच दहा मिनिटांत काढला. ठिपके काढायला मुली धावल्या आणि प्रत्येक दारात विचारून आल्या. नव्वदांहून अधिक दारांनी होकार दिला. एकतीस बैल लिफ्टने वर चढले. आमच्या टोळीबरोबर मी होतो. आठव्या मजल्यावर एम्समधली एक मल्याळी परिचारिका राहते. रात्रपाळी करून झोपलेली. ती डोळे चोळत बाहेर आली. ओवाळायचे कसे हे तिला ठाऊक नव्हते. नातीने तिला दाखवले. तिने आत जाऊन केळ्याचे वेफर आणले. अकराव्या मजल्यावर एक वृद्ध जोडपे. मुले परदेशी. बाईंनी दार उघडले, जांभळ्या शिंगांचा बैल पाहिला आणि आत हाक मारली, "अहो, बाहेर या, बैल आला!" सुटे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. मग त्यांनी मुलांना बसवून, गूळ-खोबरे देऊन, आपल्या लहानपणचा काटोलचा पोळा अर्धा तास सांगितला. पुढची दारे खोळंबली. तीन वर्षे मी त्यांच्याबरोबर लिफ्टमधून वर-खाली करतो आहे. त्या काटोलच्या, हे मला त्या दिवशी कळले.

सर्वांत शेवटी मुले फाटकावरच्या खोलीशी गेली. कोणी सांगितले नव्हते, नातवानेच नेली. रखवालदारांनी टोपी काढली, बादलीतल्या पाण्याने हात धुतले आणि एकतीसही नंद्यांच्या पायांवर एकेक चिमूट हळद वाहिली. मग त्यांनी नातवाला विचारले, "नाव काय ठेवलं याचं?" नातवाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "मोऱ्या." ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून दहाची नोट काढली आणि त्याच्या मुठीत ठेवली. ही नोट खर्च करायची नाही असे नातवाने जाहीर केले आहे. ती सध्या डायनासोरांच्या डब्यात आहे.

वाचकहो, या एका संध्याकाळीने गेलेली शेते परत आली असे मी म्हणणार नाही. ज्यांची बैलजोडी विकली गेली, त्यांना लाकडाच्या बैलाने भरपाई होत नाही. विमाने उतरणारच, आणि माझ्या मुलाची नोकरी त्याच जमिनीवर उभी आहे, हेही मी विसरत नाही. पण त्या जमिनीवर वाढणाऱ्या पोराला तेथे मोऱ्या नावाचा बैल होता आणि त्याचा धनी आपल्या फाटकाशी उभा असतो, एवढे तरी ठाऊक असावे. पुस्तकाने ते समजले असते काय, कोण जाणे. त्या दिवशी ते समजले दोन रुपयांच्या दोरीने.

आता दुसरी कसोटी सांगतो. दिवाळीत दुकाने खेळण्यांनी फुलतील, आणि तुम्हीही मुलांचा हात धरून तेथे उभे असाल. खोक्यावर वय लिहिलेले असते, किंमत लिहिलेली असते, मानकाची खूण असते. ती अवश्य पाहा. हे खेळणे माझ्या मुलासाठी किती काम शिल्लक ठेवते, हे मनाशी विचारा. आणि त्याबरोबर हेही विचारा, की हे घेऊन माझे मूल कोणाकडे जाईल? पतंगाला फिरकी धरणारा लागतो, विटीदांडूला गडी लागतात, भातुकलीला पाहुणे लागतात, लेगोच्या विटांना शेजारच्या मुलाच्या विटा मिळाल्या की शहर दुप्पट होते. फळीवरच्या खेळांनाही समोर कोणी बसावे लागते. ज्या खेळण्याला दुसरे कोणीच लागत नाही, ते जुने असो की नवे, लाकडाचे असो की काचेच्या पडद्यामागचे, त्याच्यासाठी खिशात हात घालण्यापूर्वी जरा थांबा. आमची ती कपाटातली लाल मोटार याच जातीची होती, आणि ती खास 'आमच्या वेळची' होती!

आमच्या घरी या कसोटीचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसू लागला आहे. गेल्या दिवाळीला आम्ही फराळाची ताटे पाठवली होती आठ. यंदा नातीने यादी केली, ती सव्वीसांवर गेली. आठवा मजला आहे, अकरावा आहे, फाटकावरची खोली सर्वांत वर आहे. ती यादी सूनबाईने स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली आणि मला म्हणाली, "बाबा, चकलीची भाजणी यंदा दुप्पट दळून आणा."